बाहेरची कडी

माझी दारू गोळीने सुटली नव्हती, आणि पुन्हा लागली तीही गोळीमुळे नाही. डहाणूत मी सगळ्यांना उलटं सांगत आलो, म्हणून हे लिहितो आहे.

रेल्वेतून निवृत्त झालो तोवर मी रोजचा पिणारा होतो. २०१६ साली व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलो, तेव्हा झोप पार उडालेली. जवळच्या कासा गावातल्या डॉक्टरांनी मेलाटोनिनची गोळी दिली. म्हणाले, "काका, ही दारूच्या जागी नाही. रात्र झाली एवढंच ती शरीराला सांगते. दिवे लवकर घालवा, मोबाईल लांब ठेवा, केंद्रातल्या बैठका चुकवू नका."

जेवणानंतर बायको गोळी आणि पाणी आणून द्यायची. हळूहळू झोप लागू लागली. सकाळी चहा घेताना वाटायचं, घराचा माझ्यावर पुन्हा विश्वास बसला.

दिवाळीआधी दारं रंगवायला काढली. माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून एक कडी होती, कित्येक वर्षं गंजून बसलेली. ब्रश लावताना ती अलगद फिरली. खोबरेल तेलाचा वास आला.

"ही कडी कोण लावतं?"

बायको चकल्या पाडत होती. "मी. तुम्ही झोपलात की."

"मी काय चोर आहे?"

"चोराला कुलूप लावतात."

"गोळी घेतो ना मी?"

"ती तुमच्या झोपेसाठी. माझ्या झोपेचं काय? केंद्रात जायच्या आधी एका रात्री पिऊन रुळांवर जाऊन बसला होतात, मी ओढून आणलं."

त्यातली कडीच तेवढी माझ्या डोक्यात राहिली. गोळ्या बंद केल्या, बैठकाही. थोड्याच दिवसांत तलासरीच्या एका बारमध्ये, गुजरातहून प्यायला येणाऱ्यांच्या गर्दीत मी बसलो होतो. घरीदारी सांगितलं, गोळी बोगस निघाली. बैठकीतल्या वरोरच्या एका मच्छीमाराने माझं ऐकून स्वतःची गोळी सोडली. मी बैठकीला परतलो तेव्हा तो येईनासा झाला होता. त्याच्या घरी जायचं धाडस मला झालं नाही.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा बायको सोबत होती.

"गोळीने झोप लागत होती का?" त्यांनी विचारलं.

"लागत होती."

परतताना एसटीत ती म्हणाली, "म्हणजे मला फसवलंत."

"तूही मला."

"हो," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

त्या रात्री गोळी घेऊन मी आडवा झालो. तिने दिवा घालवला आणि मी जागा असतानाच बाहेरून कडी लावली. राग आला. पण उठलो नाही.