जोगळेकरांच्या घरी नावाशिवाय गाणं

ज्ञानदेव भांबळ तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पण मांजरी गावातल्या त्या सोसायटीत हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागायचं. "ज्ञानदेव, आणि ख्रिस्ती? मग नाव तरी बदलायचं होतंत!" हे पहिल्याच भेटीत म्हणाले ते वरच्या मजल्यावरचे यज्ञेश्वर जोगळेकर, सोसायटीचे सेक्रेटरी. जिभेला हाड नावाला नाही.

कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर ज्ञानदेवांनी दर शुक्रवारी घरी प्रार्थना सुरू केली. सतरंजी, पेटी, टाळ, अभंगाच्या चालीवरची गाणी. येणारी माणसं धुणीभांडी करणारी, बांधकामावर राबणारी. झालं! जोगळेकरांनी ग्रुपवर टाकलं: रविवारच्या सभेत हा धर्मप्रसार बंद करायचा ठराव येईल. ठराव झाला तर या मंडळींनी जायचं कुठे?

आणि गुरुवारी संध्याकाळी दारात कोण, तर साक्षात जोगळेकर!

"भांबळ, जरा वर येता का? हेमाला तुमचं शुक्रवारचं गाणं हवंय."

हेमाताई त्यांच्या पत्नी. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली, अंथरुणाला खिळलेल्या. आजारापूर्वी त्या गॅलरीत बसून खालची गाणी ऐकायच्या, हे ज्ञानदेवांच्या गावीही नव्हतं.

"येतो की," ते म्हणाले.

"पण एक आहे. येशूचं नाव नको. तिथे आपलं 'देवा' म्हणा."

जोगळेकर जिना चढले आणि ज्ञानदेवांच्या पत्नी रुपालीबाई कडाडल्या, "अहो, रविवारी तुमचाच गळा आवळणार, आणि आज त्याच गळ्यातून गाणं हवं! वर नावही नको! काही जायचं नाही."

ज्ञानदेवांच्या डोक्याचा पार भुगा झाला. नाव गाळलं तर प्रभूला नाकारल्यासारखं. येशूच्या शिष्याने, पेत्राने, भीतीपोटी त्याला नाकारलं, मग कोंबडा आरवला, हे आजवर त्यांनीच किती जणांना रंगवून सांगितलेलं! नाव घेतलं तर आजारी बाईच्या खाटेशी धर्मप्रसार केला म्हणून बोभाटा. आणि गेलंच नाही, तर आजाऱ्याने बोलावलं नि आपण दार लावून बसलो. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात एक चोरटा विचारही आला: गाऊन टाकलं तर कदाचित ठराव मागे घेतील. त्याची त्यांना लाज वाटली. तरी पेटी उचलून ते वर गेलेच.

धृपदाच्या शेवटी नाव येतं, तिथे ते "देवा" म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच. हेमाताईंनी चालता हात उचलला. वाकड्या ओठांतून कसेबसे शब्द आले, "चुकलं... तिथे येशू."

जोगळेकर खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंना येशू हवा होता, की नुसतं गाणं बरोबर हवं होतं? कोण सांगणार! ज्ञानदेवांना पुढची ओळ आठवेना. "पुन्हा येतो, ताई," असं पुटपुटून ते खाली आले आणि बायकोसमोर मटकन बसले.

"मी भ्यालो गं."

रुपालीबाईंनी एरवी चांगलं सुनावलं असतं. त्यांनी पाणी दिलं.

रविवारी ठराव मांडला जोगळेकरांनीच, आणि पहिला हातही त्यांचाच वर. मंजूर! ज्ञानदेवांना संताप आला, रडूही येईल असं वाटलं. हाच माणूस गुरुवारी दारात उभा होता ना? मग खरा कुठला, तो की हा?

जिन्यात जोगळेकरांनी गाठलं. "उद्या याल ना? ती सारखी विचारतेय."

काय निर्लज्जपणा म्हणावा! ज्ञानदेवांना वाटलं, तोंडावर नाही म्हणावं. पण डोळ्यांपुढे हेमाताईंचा तो उचललेला हात आला.

"येईन," ते म्हणाले. "पण नावासकट गाईन. आणि शुक्रवारी माझ्या घरात प्रार्थना होणार. तुमचा ठराव तुमच्यापाशी."

आता काहीतरी खवचट येणार म्हणून ते वाट बघत थांबले. जोगळेकरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, जिन्यात कोणी नव्हतं.

"या," ते हळूच म्हणाले. "फक्त दार लावून घेऊ. लोक ऐकतात हो."