जिच्याशी भांडले, तिचंच नाव

मिरकरवाड्याच्या जेटीवर मी कितीतरी वर्षं एका शेठसाठी मासळी खरेदी केली. घासाघीस मी करायची, शिव्या मी खायच्या, नफा त्याचा. मग नव्या शीतगृहात खरेदीप्रमुखाची जागा निघाली. त्यांनी रेफरन्स मागितला. मी रीतसर शेठला जाऊन विचारलं. "निर्धास्त दे माझं नाव," म्हणाला. वर चहा पाजला.

काही दिवसांनी शीतगृहाच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमचे शेठ म्हणतात, कामाला चोख, पण तोंडाने फटकळ. माणसं तोडते. दुसरं कोणाचं नाव देता का?"

डोक्यात तिडीक गेली. याच तोंडाच्या जिवावर त्याने बंगला बांधला! सुरमईचा भाव पाडला की "शाबास", आणि मी वर चढायला निघाले की फटकळ. पुरुष असते तर करारी म्हणाला असता.

नवरा म्हणाला, "कॉलेजातल्या सरांचं दे. मोठा माणूस." सरांनी मला मासळी घेताना कधी पाहिलंय? खरेदीदार कसा आहे ते विकणाऱ्याला विचारावं. मी ट्रॉलरवाल्या काकीकडे गेले. तिच्याशी भांडण झालं नाही असा दिवस विरळा. तिने काय बोलायचं ते सांगू लागले, तशी ती उसळली, "मला शिकवतेस काय गो? बस गप."

साहेबांचा फोन तिने माझ्यासमोरच घेतला, स्पीकरवर.

"भांडते? भांडतेच! लिलावात उभी राहून काय आरती करील? तिच्या जागी दुसरा कोण आला तर मी नारळ वाढवीन. पण बोली दिली की दिली. दुपारी भाव पडला तरी माल परत नाही पाठवला कधी. तिचा शेठ पाठव म्हणायचा, ही त्याच्याशी भांडायची."

मी कोणाला 'तोडलं' होतं, ते साहेबांना तिथेच कळलं.

जागा मला मिळाली. लगेच शेठचा फोन. "अभिनंदन हं! मी चांगलंच सांगितलं होतं तुझ्याबद्दल."

"शब्दन् शब्द कळला मला," म्हटलं आणि फोन बंद केला.

आता रोज लिलावात तो माझ्या समोर उभा असतो. त्याला नीट ऐकू जाईल अशीच मी बोली लावते. माझ्या तोंडाची ख्याती त्यानेच केली आहे. ती फुकट का घालवू?