कुठून फसलं ते दाखव

"फसलं का? बरं झालं. आता मले दाखव, कुठून फसलं."

चष्मा कपाळावर चढवायचा, मोडकी वस्तू दोन्ही तळहातांवर घ्यायची, डोळ्यांजवळ न्यायची आणि मग हे वाक्य. सरांची ही सवय शाळेत सगळ्यांना पाठ होती. कागदाचा पूल मोडो की काड्यांचा मनोरा, वस्तू मोडली म्हणून ते मुलांवर रागावलेले मी पाहिले नाहीत. ज्याचं लगेच जमायचं, त्याच्याकडेच ते जरा संशयानं बघायचे. "पहिल्याच खेपेले जमलं? मंग तू काही अवघड केलंच नाई बे."

लोणारच्या बाजूला आमची शाळा. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. ते घाटाखालचे, शेगावकडचे, आणि वर्गातही घरच्यासारखेच बोलायचे. मुख्याध्यापकांनी एकदा वर्गात जरा शुद्ध बोलण्याची सूचना केली. सर "हाव सर" म्हणाले आणि तो विषय तिथंच संपला.

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास त्यांचे असायचे. त्या दिवशी ते धडा शिकवत नसत, अडचण देत. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी कायमचं लिहून ठेवलं होतं : विचारा, आखा, करा, तपासा, सुधारा. एका शनिवारी अडचण होती, जुनी वर्तमानपत्रं आणि खळ एवढ्यावर खुर्ची करायची आणि तिच्यावर मुख्याध्यापकांना बसवायचं. खुर्ची झाली. मुख्याध्यापक जपून टेकले. खुर्चीनं त्यांना धरून ठेवलं. ते खूश झाले, मुलांच्या कष्टांबद्दल चार शब्द बोलले, आणि बोलता बोलता ऐसपैस मागे रेलले. पुढच्या क्षणी ते जमिनीवर होते. आम्ही मास्तरमंडळी त्यांना उठवायला धावलो. सर धावले ते खुर्चीकडे. "मागचा पाय गेला," ते मुलांना म्हणाले. "माणूस मागं टेकते, याचा इचारच कोणी केला नाई."

असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. सुरुवातीला त्याचं हसू येतं, आणि मग कधीतरी आपणही त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो. माझं तसंच झालं. एकदा मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, पोट्ट्यायले जमलेलं सांगता येते, फसलेलं सांगता येत नाई. हे तुमच्या विषयात बसते का?"

मी म्हटलं, बसवू.

तेव्हापासून सोमवारच्या माझ्या तासाला मुलं उभी राहून आदल्या शनिवारचं फसलेलं सांगू लागली. आवडता ऋतू आणि आवडता सण यांवरचे निबंध मी वर्षानुवर्षं तपासत आले होते. त्यांत सगळ्या मुलांची वाक्यं सारखीच असत. आता पहिल्यांदा प्रत्येकाचं वाक्य वेगळं ऐकू येऊ लागलं. मी सरांवर विश्वास ठेवला तो इथं.

आमच्या आवारात पिण्याच्या पाण्याची सिमेंटची टाकी आहे, मुलांच्या छातीइतक्या उंचीची. सरोवराच्या बाजूच्या झाडीतून माकडं यायची, झाकण उघडायची, पाणी प्यायची आणि जाताना केळीची सालं आत टाकायची. सरांनी नववीला अडचण दिली : माकडाला उघडणार नाही आणि पाचवीच्या पोराला उघडेल, असं झाकण करा.

जया नावाच्या मुलीनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ते अंगावर घेतलं. आधी त्यांनी दगड ठेवून पाहिला. माकडांना तो हलेना, पण पाचवीच्या मुलांनाही हलेना. मग कडी लावली. एका माकडिणीनं शिपाईमामांना कडी काढताना भिंतीवरून पाहिलं आणि ते पाणी भरून वळताच तिनंही काढली. मधल्या सुट्टीत माकडं आवारातल्या कडुलिंबावरून उतरू लागली की सर सगळ्यांना वर्गात घेत. "चला आत. परीक्षक आले."

मुली खिडकीतून पाहत राहायच्या. पाहता पाहता जयाच्या लक्षात आलं, माकड झाकण उघडतं ते झाकणाच्याच कडेवर बसून, आणि माणूस उघडतो तो खाली उभा राहून. "सर, जो वर बसंल त्याले उघडलंच नाई पाह्यजे," ती म्हणाली. सरांनी अर्धा फळा पुसला. मग त्यांनी तिच्या हातात खडू दिला.

पायाशी एक फळी, सायकलच्या ब्रेकची तार आणि झाकणाला आतून खिट्टी. फळीवर पाय दिला की तार खिट्टी ओढायची, मग हातानं झाकण उचलायचं. झाकणावर बसलेल्याला फळी दाबता येणार नाही, आणि फळीवर उतरलेल्या माकडाचा हात झाकणाला पोचणार नाही. सांगायला सोपं आहे. करताना तार निसटली, खिट्टी वाकली, स्प्रिंग इतकी कडक निघाली की पाचवीची मुलं जोडीनं उड्या मारू लागली. दर खेपेला सर चष्मा वर करायचे. पावसाळ्यात सुरू झालेलं काम कापूस वेचणीला आला तेव्हा जमलं. मोठा हुप्प्या झाकणावर बसला, ओढून ओढून दमला, स्वतःच्या हातांकडे बघत राहिला आणि शेवटी आमच्याकडे पाठ करून बसला. सगळ्या खिडक्यांतून टाळ्या पडल्या. जया म्हणाली, "उद्या परत पाहू."

"पाह्यलं मॅडम?" सर हळूच मला म्हणाले. "ही पोरगी इंजिनेर झाली."

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातून झाकण जिल्ह्यासाठी निवडलं गेलं. प्रदर्शन बुलढाण्याला होतं. व्यवस्था पाहायला सर आदल्या दिवशीच गेले. मुलींसोबत मी एसटीनं निघाले. झाकण, फळी, तार सगळं गोणपाटात बांधून जयानं मांडीवर घेतलं होतं. सुलतानपूर, मेहकर, चिखली, सगळा रस्ता ती मैत्रिणींना एकच गोष्ट घोकून सांगत होती, आधी फसलेलं सांगायचं आणि जमलेलं शेवटी.

बुलढाण्याला पोचलो, तर आमच्या टेबलावर एक चकचकीत पांढरी पेटी होती. तिच्यासमोर हात हलवला की झाकण आपोआप उघडायचं, बारीक दिवा लागायचा आणि एक बाई आतून "धन्यवाद" म्हणायची. ती संभाजीनगरहून तयार आणलेली होती. मागच्या फलकावर मुलींची नावं होती.

"आपलं बाहेर ठेवू नका," सर म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, गंजकं झाकण घेऊन जिल्ह्याले जाता का? कल्पना तं तुमचीच हाय ना पोरीहो. हे फक्त जरा चांगलं दिसते. आतमंदी काय काय हाय ते सांगतो, पाठ करून घ्या."

जयानं गोणपाट टेबलाखाली सरकवलं. चादर खालपर्यंत सोडलेली होती. मी तिथंच बोलायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. मी सरांना बाजूला घेतलं आणि विचारलंही. ते म्हणाले, "मॅडम, आज नको." त्यांच्या आवाजात अशी काही विनवणी होती की मला वाटलं, हा माणूस आयत्या वेळी स्वतःच चादर वर करील. इतका माझा त्यांच्यावर भरवसा होता.

परीक्षक एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी पेटीसमोर हात हलवला, बाईचे धन्यवाद घेतले, जयाचं पाठांतर शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाळ, पहिल्यांदा केलंस तेव्हा कुठं फसलं?"

जयानं सरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. हा तर त्यांचाच प्रश्न होता, कुणीतरी इतक्या लांब आणून त्यांच्यासमोर ठेवलेला. तिच्या ओठांवर तार, खिट्टी, स्प्रिंग सगळं येऊन थांबलं होतं. फक्त सरांनी मान हलवायची होती.

"नाही सर," सर शुद्ध मराठीत म्हणाले, "फसलं नाही. आमच्या मुलींना पहिल्याच प्रयत्नात जमलं."

परीक्षक पुढे गेले. संध्याकाळी आमचा पहिला नंबर आला. फोटोत सर मधोमध आहेत आणि तिन्ही मुली कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

परतीच्या गाडीत जयानं चिखली ओलांडल्यावर तोंड उघडलं. "मॅडम, मंग आपण इतके दिवस मोडत काऊन होतो?"

मी तिच्या मांडीवरचं गोणपाट घ्यायला हात पुढे केला. तिनं दिलं नाही.

दोन-तीन दिवसांनी स्टाफरूम रिकामी असताना मी सरांना गाठलं. त्यांनी काही लपवलं नाही. "मॅडम, मी मागं दोन खेपा पोट्ट्यायच्या हातचं घेऊन गेलो. कोणी थांबलं नाई हो. गंज पाह्यला का पुढच्या टेबलावर जात. मले वाटे, एकडाव तरी कोणी थांबून पाह्यलं पाह्यजे."

"यंदा थांबले होते," मी म्हटलं. "थांबून विचारलंही होतं."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाच राग आला. तिघी मुलींचं काय, हे त्यांनी विचारलं नाही.

बक्षीस मिळवलेली ती पेटी, तळ कापून, अध्यक्षांच्या हस्ते टाकीच्या तोंडावर बसवली. तिच्यासमोर कुणीही हात हलवला की ती उघडायची. माकडांना हे कळायला एक सकाळ पुरली. हुप्प्या हात हलवायचा, बाई त्याला धन्यवाद म्हणायची, आणि सगळा कळप पाण्यात तोंड घालायचा. शाळा पोट धरून हसली. मीही हसले. सर तेवढे वर्गाच्या दारात खडू धरून उभे राहिले.

त्याच आठवड्यात एका दुपारी जयानं कुणाला न विचारता गोणपाट सोडलं आणि पेटी उतरवून आपलं झाकण टाकीवर बसवायला घेतलं. मैत्रिणी तार धरून होत्या. सर हातात पाना घेऊन गेले आणि तिच्याशेजारी उभे राहिले. बोल्ट आवळायच्या वेळी त्यांनी पाना पुढे केला.

"हाय माझ्यापाशी, सर," ती म्हणाली. आवाज आदराचाच होता. तिनं खिशातून स्वतःचा पाना काढला. सर आपला पाना घेऊन परत वर्गात गेले.

शनिवारचे तास चालू राहिले, पण मुलं मोडकं काही दाखवेनाशी झाली. फसलेलं दप्तरात दडवायची आणि शेजारच्याचं बघून सारखंच करायची. माझ्या सोमवारच्या तासाला पुन्हा सगळ्यांची वाक्यं एकसारखी झाली. उन्हाळ्यात सरांची शिक्षकांना प्रशिक्षण देण्याच्या कामावर निवड झाली. ते बक्षीस त्यांना तिथं उपयोगी पडलं असं म्हणतात. निरोपाला शाल-श्रीफळ झालं. जया आजारी असल्याचं तिच्या मैत्रिणींनी सांगितलं. सरांनी पुन्हा विचारलं नाही.

गेल्या वर्षी खामगावला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मंचावर सर होते. अंगावर नवा कोट, चष्मा कपाळावर. पडद्यावर आमची टाकी होती, आणि सर माकडांची गोष्ट सांगत होते, दगडापासून, कडीपासून. तार निसटल्याचं, खिट्टी वाकल्याचं सगळं त्यांनी इतक्या जिव्हाळ्यानं सांगितलं की सभागृह हलेना. "मुलांना फसू द्या," ते म्हणाले. माझ्या शेजारच्या तरुण शिक्षिकेनं डोळे पुसले. "किती मनापासून बोलतात ना?" ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. ते वाक्याच्या मधेच थांबले. पाण्याचा घोट घेतला, चष्मा खाली डोळ्यांवर आणला, आणि उरलेलं सगळं पडद्यावरून वाचून दाखवलं. माझ्या बाजूला त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना शोधत गेले. रागवायचं नव्हतं. जया पॉलिटेक्निकला लागली, एवढंच सांगायचं होतं. वाढणाऱ्या बाईंनी पाहुण्यांच्या टेबलाकडे हात केला. तिथं एक ताट तसंच होतं, वरणावर साय धरलेली.

"सर न जेवताच गेले," त्या म्हणाल्या. "घाईत होते. तुमचं काही काम होतं का?"