बाशिंगाखालचं कपाळ

वणीत कॉम्प्युटरचा माउस फार टिकत नसे. खाणीची काळी धूळ आणि जिनिंगमधून उडणारा कापूस, दोघांनी मिळून गाव वाटून घेतलं होतं. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. टेबलावर सरकता सरकता ती ही सगळी घाण आत ओढायची आणि आतल्या चाकांवर काळ्या कापसाची वात वळली जायची. पडद्यावरचा बाण अडला की मी गोळी काढायची, सेफ्टी पिननं वात सोडवायची, फुंकर मारून पुन्हा कामाला लागायची. संध्याकाळपर्यंत मनगट असं ठणकायचं की कणीक मळायला डावा हात पुढे करावा लागे.

आमचं काम बॅनरचं. नवरा मुळात पेंटर. बियाणांच्या जाहिराती भिंतींवर रंगवण्यात आणि ट्रकच्या पाठी सजवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. मग फ्लेक्स आला आणि भिंतींची कामं सुटली. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. ब्रशांचा डबा फळीवर गेला. आता मी पडद्यावर बॅनर बनवायची, छापून चंद्रपूरहून यायचा आणि नवरा त्याला लाकडी चौकट ठोकायचा. कॉम्प्युटरला मात्र त्यानं कधी बोट लावलं नाही. बसून कुठं चित्र होतं का, असं त्याचं म्हणणं. मीही वाद घालायचं सोडून दिलं होतं.

कापसाची ती वर्षं वाईट होती. वाढदिवसाचे बॅनर पुढाऱ्यांचे, बाकी सगळे श्रद्धांजलीचे. माणूस कसा गेला, हे आम्ही विचारत नसू. फोटो कोणता घ्यायचा, एवढंच विचारायचं, आणि तिथंच घोडं अडायचं. मतदान कार्डावरचा फोटो ज्याचा त्याला ओळखू येत नाही. म्हणून लोक लग्नातला फोटो आणायचे.

मारेगावकडची एक बाई तसाच फोटो घेऊन आली. कुंकू पुसलेलं, वय माझ्याएवढंच. फोटोत तिचा नवरा बोहल्यावर बसलेला, कपाळभर बाशिंग, दोन्ही गालांवर मुंडावळ्या. भुवयांच्या वर माणूस दिसतच नव्हता. दुसरा फोटो नाही म्हणाली. मग फोटो टेबलावर ठेवून तिनं हळूच सांगितलं, "एवढं बाशिंग काढून द्या ताई. माणूस गेला अन् फोटोत नवरदेव, असं कसं लावू मी?"

तेरवीला आठवडा होता. मी हो म्हणून बसले.

मुंडावळ्या कशाबशा निघाल्या. गालावरचा रंग उचलून दुसरीकडे लावता येतो. पण कपाळ आणायचं कुठून? माउसनं रेघ ओढणं म्हणजे विटेचा तुकडा हातात धरून सही करणं. बाण अडखळायचा आणि कपाळावर पायऱ्या पडायच्या. दोन दिवस मी त्या माणसाला कधी टकल्या केला, कधी त्याच्या डोक्यावर मडकं ठेवलं. रडायला आलं होतं मला.

चंद्रपूरच्या छपाईवाल्यानं फोनवर ग्राफिक्स टॅबलेटचं नाव काढलं. काळी पाटी असते, तिच्यावर खास पेन फिरवलं की चित्र पडद्यावर उमटतं. दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं नागपूरला गेलो. नवरा चौकटीच्या पट्ट्या घ्यायच्या म्हणून सोबत आला होता.

दुकानदारानं दोन टॅबलेट पुढे ठेवले, एक वहीच्या पानाएवढा, एक परातीएवढा. मनगट दुखतं तर लहान घ्या, हात फार हलवावा लागत नाही, असं तो म्हणाला. शिवाय तळाशी लाल दिवा असलेला, बिनगोळीचा माउस दाखवला. तळहातात असा बसला की सोडवेना. मी मनात लहान टॅबलेट आणि हा माउस पक्का केला. मोठा टॅबलेट घेतला तर उरलेल्या पैशांत माउस साधाच घ्यावा लागला असता.

तेवढ्यात नवऱ्यानं मोठा टॅबलेट उचलला, खांबाला उभा टेकवला आणि हातभर मागे सरकून उभ्या उभ्या पेन चालवायला लागला, भिंत रंगवतात तसं. नजर पेनाच्या टोकावर. पाटी कोरीच. बाजूला उभी असलेली कॉलेजची मुलं हसली. काका, टेबलावर ठेवून बसा, असं दुकानदार नीटच बोलला. नवऱ्यानं पेन खाली ठेवलं, मला "तू पाहून घे" म्हणाला आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

मला मुलांचा राग आला, त्याचा आला आणि स्वतःच्या मनगटाचाही. त्या हाताला खांद्यापासून रेघ ओढायची सवय. वहीच्या पानावर तो मेला असता. मी मोठा टॅबलेट घेतला आणि सोबत सगळ्यात साधा, गोळीचा माउस.

घरी येऊन मी बसून पाहिलं. मला जमेना. नवरा मागे उभा राहून बघत होता. शेवटी त्यानं टॅबलेट काढून घेतला, कपाटाला टेकवून स्टुलावर उभा केला, फळीवरून हात टेकवायची जुनी काठी उतरवली. सुरुवातीला मान हातातल्या पेनाकडेच जायची. मी पडद्याकडे बोट दाखवत राहिले. दुपार कलेपर्यंत त्यानं हाताकडे पाहायचं सोडलं आणि दिवेलागणीला फोटोतल्या माणसाला कपाळ आलं.

छापायला देण्याआधी बाई पाहायला आली. पडद्याजवळ गेली. मग काचेवर कपाळाच्या जागी तळवा ठेवला आणि म्हणाली, "हेच. असेच होते ते."

मला बरं वाटलं. मग मी पडद्याकडे नीट पाहिलं. डाव्या भुवईवर तिरपी चढणारी आठी, भर उन्हात उंच भिंतीकडे पाहून पाहून पडलेली. ते कपाळ मी रोज पाहत होते.

बाई गेल्यावर मी विचारलं, "अवो, हे काय केलं तुमी?"

त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर ओशाळून म्हणाला, "मले दुसरं कपाळ कुठं पाठ हाये? दाढी करताना रोज हेच दिसते."

बॅनर छापून आला. नवऱ्यानंच त्याला चौकट ठोकली, खिळे तोंडात धरून, गुणगुणत. कितीतरी महिन्यांनी तो कामात गुणगुणत होता आणि मला ते ऐकवत नव्हतं. तेरवीच्या सकाळी बॅनर रिक्षात चढवून तो एकटाच मारेगावला निघाला. रिक्षा कोपऱ्यावर वळणार तोच मी हाक मारली. त्यानं रिक्षा थांबवली आणि काय विसरलं म्हणून विचारलं.

काही नाही, म्हटलं, लवकर या.