पावडरीचं पाणी आणि बघायला आलेली माणसं

पावसाळ्यात आमच्या कोल्हापूरच्या नळाला असा वास सुटायचा की दवाखान्यात बसल्यासारखं वाटावं. पाणी गढूळ, म्हणून जंतू मारायची पावडर जास्त. वडील शाळामास्तर. ते म्हणायचे, "वास आला म्हणजे जंतू मेले. बिनघोर प्या!" आईला ते कधीच पटलं नाही. केस गळतात, पोटात आग पडते, हाडं ठिसूळ होतात; शेजारणींकडून ती रोज नवा रोग घेऊन यायची. हंड्याला फडकं बांधून पाणी रात्रभर ठेवायची आणि वास उडाल्यावरच आम्हाला द्यायची.

मला बघायला पाहुणे यायचे होते, त्याच सकाळी मांजरानं हंडा उपडा केला. दुसऱ्या पाण्याचा वास उडायला वेळ कुठला? राधानगरीकडची माणसं पहिली एसटी धरून तासभर आधीच दारात हजर! मी खिडकीतून बघत होते. मुलानं स्वतःच्या चपला काढल्या आणि बाकीच्यांच्या विस्कटलेल्याही वाकून नीट लावल्या. मला तो तिथंच आवडला. हेच घर मिळू दे, म्हणून मी देवाला हात जोडले.

आईनं नाइलाजानं नळाचं ताजं पाणी पुढं केलं. मुलाच्या आईनं पेला तोंडाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"अवो, फिनेल पडलंय काय ह्यात?"

वडिलांनी जंतूंचा धडा सुरू केला. बाई कसल्या ऐकतात!

"आमच्याकडं झऱ्याचं पाणी हाय. असलं औषध पिऊन वाढलेल्या पोरीला पोरंबाळं तरी धड व्हायची काय?"

आईचा चेहरा खर्रकन उतरला. माझं मात्र डोकंच सटकलं. मान खाली घालून बसायचं राहिलं बाजूला.

"आम्ही चौघं भावंडं ह्याच पाण्यावर वाढलोय. कुणाला काय झालंय, बघा की! आणि केस गळतात म्हणत असाल तर हे घ्या." मी गुडघ्यापर्यंतची वेणी ओढून पुढं घेतली.

आईनं मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. झालं, घालवलं मी हातचं स्थळ! रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात मुलानं आपला पेला उचलला आणि घटाघटा रिकामा केला. वासानं त्याचा चेहरा पार वाकडा झाला होता. तरी पेला माझ्यापुढं धरून म्हणाला, "अजून एक द्या की."

त्याच्या आईनं कपाळावर हात मारला. "गेलं माझं पोरगं हातातनं! मास्तर, साखरपुड्याचं बोला आता."