गुंजनला विचारायचं राहिलं

सुपेल्याच्या त्या गल्लीत गुंजनला गुंजन म्हणणारी माणसं तीनच, आणि ती तिन्ही तिच्या घरातली. बाकी सगळ्यांसाठी ती 'गूंगी'. नेहरू नगरच्या बायका साड्यांना फॉल लावायला आणि ब्लाऊज शिवायला तिच्याकडे येतात, कामाची तारीफ करतात आणि शेजारणीला पत्ता सांगताना 'वो गूंगी के यहाँ दे दो' म्हणून मोकळ्या होतात. आता ही बाई मुकी आहे का? मुळीच नाही. चांगली बोलते. जरा नाकातून, जरा घोगरं, पण बोलते, आणि चिडली की दोन घरं सोडून ऐकू जाईल एवढं बोलते. तिला ऐकू येत नाही, एवढंच. पण एवढी साधी गोष्ट ध्यानात ठेवायचा लोकांना कंटाळा येतो, त्याला काय करणार?

माहेर जवळच, दुर्गचं. लहानपणी मोठा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. वडील रेल्वेत. त्यांनी नातेवाइकांचं काही न ऐकता पोरीला रायपूरच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. शाळा हिंदी, त्यामुळे गुंजन ओठ वाचायला शिकली ते हिंदीचे. मराठी तिला येते, आईनं घोकून घोकून जिभेवर बसवलेली, पण ओठांवरची हिंदी ती जशी झरझर वाचते तशी मराठी नाही. आणि नशीब बघा, लग्न होऊन आली ती मूळ भंडाऱ्याकडच्या, मराठी बोलणाऱ्या घरात. सासरे रामाजी पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले, कंपनीचं सेक्टरातलं क्वार्टर सोडून सुपेल्यात घर बांधलेलं. सासूबाई सिंधुताई प्रेमळ, पण गालात सदा खर्रा. सुपारी-तंबाखूनं फुगलेल्या त्या गालातून जी मराठी बाहेर पडते ती ऐकणाऱ्यांनाही धड कळत नाही, मग बघणारीला काय कळणार!

नवरा हेमराज मात्र तिला कळतो. रसमड्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. ड्युटीवरून दिवसभर मेसेज टाकतो, बोलायचं असलं की समोर येऊन, उजेडात तोंड करून बोलतो, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. ईरा झाली तेव्हा ती रात्री रडली की हाच उठून गुंजनला हलवायचा. असा नवरा मिळाला म्हणून माहेरच्यांनी देवाचे आभार मानले होते, आणि गुंजननंही मानले होते.

ईरा चार वर्षांची झाली आणि गुंजनला पुन्हा दिवस गेले. नेहरू नगरातल्या एका नर्सिंग होममध्ये नाव घातलं. पहिलं सिझर, म्हणून हेही सिझरच होणार होतं. डॉक्टरबाई हुशार, हाताला गुण असलेल्या, पण तोंडावर कायम मास्क. गुंजन काही विचारायची तेव्हा त्या मान डोलवायच्या आणि उत्तर सिंधुताईंना द्यायच्या. गुंजन बघत बसायची, इकडे मास्क हलतोय, तिकडे सासूबाईंचा गाल हलतोय. बाहेर आल्यावर ती विचारायची, "काय म्हणाली डॉक्टर?"

सिंधुताई अंगठा वर करायच्या. "सब बने हाय. काई नाई."

एवढ्या लांबलचक बोलण्याचं सार एवढंच? एकदा घरी जेवायला बसली तर ताटातलं लोणचं गायब. दुसऱ्या दिवशी पापड गायब. भाजी मिळमिळीत. गुंजननं मनात सासूला कंजूष ठरवलं आणि चार दिवस तिच्याशी धड बोलली नाही. मग हेमराजकडून कळलं की बीपी वाढलंय, डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलंय.

"मले कावून नाही सांगितलं?"

"आईनं लोणचं काढलं ना. तेच तं सांगणं झालं," हेमराज हसत म्हणाला. गुंजनला हसू आलं नाही. पोट तिचं, बीपी तिचं, आणि बातमी तिच्याकडे येणार ती ताटातून!

या सगळ्यात तिच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. हे दुसरं मूल झालं की बस. पुढे मूल नको. पहिल्या सिझरनंतर मशीनवर बसताना टाके ओढायचे ते ती विसरली नव्हती. याच वेळी मुलं बंद करायचं ऑपरेशन करून घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. हेमराजला ती सांगणारच होती, पण आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं असं तिला वाटत होतं. दुखतं किती, मशीनवर कधी बसता येतं, नंतर काही त्रास होतो का. सगळे प्रश्न तिनं मोबाईलवर हिंदीत नीट लिहून ठेवले. ही एक गोष्ट तरी आपण स्वतः विचारायची, आपल्याला उत्तर मिळालं पाहिजे, मग आपण हो म्हणायचं. दोन खेपा झाल्या, तिनं मोबाईल पुढे केला, आणि दोन्ही वेळा डॉक्टरबाई 'हाँ हाँ, बाद में' म्हणून तो बाजूला सारून सिंधुताईंकडे वळल्या. गुंजन दात ओठ खात घरी आली.

सिझरच्या दिवशी सकाळी तिला खोलीत आणलं. हिरवा गाऊन घातला, हाताला सुई लावली. खोलीच्या दाराला वरचा अर्धा भाग काचेचा. डॉक्टरबाई आल्या, पोट तपासलं, हेमराजला आणि सिंधुताईंना खूण करून बाहेर घेऊन गेल्या. जाताना हेमराजनं दार अगदी जपून लावून घेतलं, गुंजनला काही ऐकू जाऊ नये म्हणून. बहिऱ्या बायकोपासून लपवायचं म्हणून दार लावणारा माणूस याआधी कुणी पाहिला नसेल.

काच स्वच्छ होती. बाहेर कुणीतरी चहा आणून दिला, डॉक्टरबाईंनी मास्क हनुवटीखाली घेतला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा गुंजनला त्यांचे ओठ दिसले.

"इसी में नसबंदी भी कर देती हूँ फिर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इससे पूछ लिया ना?"

हेमराजचं तोंड बरोबर उजेडात होतं. "पूछना क्या मॅडम. सुनती नहीं, दो को ही सँभाल ले तो बहुत है. मैं समझा दूँगा बाद में."

गुंजननं तो शब्दन् शब्द वाचला. सासूनं म्हटलं असतं तर तिनं सोडून दिलं असतं. शेजारणीनं म्हटलं असतं तर भांडली असती. पण हे म्हणाला हेमराज, जो तिच्या समोर येऊन, उजेडात तोंड करून बोलतो तो हेमराज. तिच्या अंगाची लाही लाही झाली. आणि ईराला आजवर कुणी सांभाळलं होतं? शेजारणीनं?

रीना नावाची नर्स तिला न्यायला आली तेव्हा गुंजननं पलंगाचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "नाही येत. डॉक्टरले बोलवा."

रीनाला मराठी कळेना, पण दांडा धरलेला कळला. सगळे धावत आले. हेमराज तिच्या खांद्यावर हात ठेवून डॉक्टरबाईंना म्हणाला, "घबरा गई है."

"घाबरली नाही मी!" गुंजन ओरडली. बाजूच्या खोलीतली माणसं दारात आली. "काय म्हणून राहिला होता तू बाहेर? सुनती नहीं? दो को सँभाल ले तो बहुत है? मी पाहिलं सगळं. माह्यं पोट आहे, मले कावून नाही विचारलं?"

हेमराजनं काचेकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. सिंधुताई पुढे झाल्या, "अवो बाई, तुह्या भल्यासाठीच तं..." पुढचं खर्ऱ्यात गेलं.

गुंजननं उशीखालचा मोबाईल काढून हेमराजच्या हातात दिला. त्यानं वाचलं. परत वाचलं. मग त्याला हायसं वाटलं, आणि तेच तिच्या जास्त जिव्हारी लागलं. "अरे, मग तुलेच तं पाहिजे होतं ऑपरेशन! मग भांडून कावून राहिली?"

"पाहिजे होतं. मले पाहिजे होतं, म्हणून. तू ठरवलं म्हणून नाही." तिचा आवाज फाटला. "मी हो म्हणणार होती रे. तुमी मले हो म्हणू पण नाही दिलं."

त्याला कळलं की नाही, कोण जाणे. त्यानं मोबाईल डॉक्टरबाईंना दिला. त्यांनी उभ्या उभ्या सगळे प्रश्न वाचले. मग मास्क खाली केला, पलंगाशी वाकल्या आणि थेट गुंजनच्या डोळ्यांत बघून विचारलं, "गुंजन, बोलो. ऑपरेशन करना है कि नहीं?"

हो म्हटलं असतं तर तिच्या मनासारखंच झालं असतं. पुढच्या गोळ्या, पुढची धास्ती, कदाचित पुन्हा एकदा पोट कापून घेणं, सगळं वाचलं असतं. ते तिला लख्ख माहीत होतं. पण पाठीमागे हेमराज उभा, पायाशी सासूबाई, सुई लावलेला हात, आणि उत्तर आत्ताच्या आत्ता पाहिजे. याला विचारणं म्हणतात?

"आज सिर्फ बच्चा," गुंजन म्हणाली. एकेक शब्द सावकाश, शाळेत शिकवलेल्या पद्धतीनं. "वो वाला बाद में. मैं खुद आऊँगी, अकेली. आप मुझे बताना, मेरे सवाल का जवाब देना. फिर मैं बोलूँगी."

"ठीक है," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टाँके सूख जाएँ, फिर आराम से आना. सब समझा दूँगी."

त्यांना तिचं सगळं कळलं होतं. तिला त्यांचं सगळं कळलं होतं. रीनानं पलंगाचा ब्रेक काढला. डॉक्टरबाई दारापर्यंत गेल्या, तिथं थांबल्या आणि हेमराजकडे वळून म्हणाल्या, "अकेली मत भेजना इसको. किसी को साथ भेजना, नहीं तो बात कैसे होगी?"

आणि हेमराज, सवयीनं, "जी मॅडम" म्हणाला.