बिननंबरी बॅटरी

गारगोटीचे बाळासो कांबळे वीस वर्षं हवाई दलात मेकॅनिक होते. उडायच्या आधी आणि उतरल्यावर लढाऊ विमान तपासायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या पान्यापासून बॅटरीपर्यंत सगळ्यावर नंबर कोरलेले. मोजून घ्यायचं, मोजून पेटीत ठेवायचं. पायलटच्या खिशात मात्र कुणी डोकावत नसे.

१९९४ साली धैर्यशील इंगवले नावाच्या तरुण पायलटनं आकाशात विमान उलटं-सुलटं केलं आणि विमान वळवायचा दांडाच अडकला. खाली डोंगर. जीव खाऊन हिसके दिले, तेव्हा कुठं तो सुटला. विमान उतरल्यावर बाळासोंनी सीट काढली. दांड्याच्या बुडाशी बोटभर बॅटरी पडलेली, पायलट नकाशा वाचायला खिशात ठेवतात तसली. नंबर नव्हता.

चौकशीत इंगवले म्हणाला, "माझी होती का, आठवत नाही." मग ती मेकॅनिकचीच असणार, असं ठरलं. "माझी पेटीत हाय, नंबर बघा की!" बाळासो ओरडले, पण कुणी पेटी उघडली नाही. ठपका बसला, बढती गेली. दोन वर्षांनी ते गावी परतले ते धुमसतच.

"सोडा की आता," बायको अंजना म्हणायची.

"माझं जाऊ दे गं! त्या पायलटांचं खिसं अजून कुणी तपासत न्हाई!"

२००३च्या उन्हाळ्यात इंगवले दारात उभा राहिला. नोकरी सोडलेली, हातात पेढे.

"कांबळे, ती बॅटरी माझीच होती. माफ करा."

"पेढं न्ह्या परत!" बाळासोंच्या आवाजानं शेजारी गोळा झाले. "माझ्यावर ढकललंसा, म्हणून खिशाचा नियमच कुणी केला न्हाई. उद्या दुसऱ्या पोराचा दांडा अडकला, तर त्याच्या आईलाबी पेढं देणार व्हय? बसा. लिवून द्या."

अंजनानं वही आणली. इंगवलेनं खाली मान घालून लिहिलं: बॅटरी बहुधा माझी होती; यापुढे पायलटच्या खिशातल्या वस्तूही नंबर घालून मोजाव्यात. बाळासोंनी वाचलं आणि 'बहुधा' या शब्दावर बोट ठेवलं.

"ह्यो काढा."

"तेवढा राहू द्या..."

"काढा म्हणतोय न्हवं!"

इंगवलेनं शब्द खोडला, सही केली. दोघांनी पोस्टात जाऊन ते पत्र हवाई दलाला रजिस्टर केलं.

चार महिन्यांनी उत्तर आलं: प्रकरण बंद आहे, सूचनेची नोंद घेतली.

'नोंद घेतली म्हणजे नेमकं काय केलं?' असं विचारणारं पत्र बाळासोंनी त्याच दुपारी लिहिलं आणि बूथवरून इंगवलेला फोन लावला.

"परत यावं लागतंय, साहेब. अजून एक सही पायजे."